आरंभ-किल्ली, संगणकाची

आरंभ-किल्ली, संगणकाची : सर्व्हर किंवा अन्य संगणक सुरू होत असताना त्याच्या कूटबद्ध हार्ड डिस्कवरील मजकूर उलगडण्यासाठी लागणारी आणि संगणकापासून वेगळ्या, सुट्या साधनावर ठेवलेली गुप्त संख्या म्हणजे आरंभ-किल्ली होय. असे साधन म्हणून प्रथम फ्लॉपी व पुढे पेन ड्राइव्ह वापरात आला. साधन जोडलेले असेल, तरच संगणक कामाला लागतो. नसेल, तर यंत्र शाबूत असूनही त्यातील नोंदी वाचता येत नाहीत. त्यामुळे या लहानशा वस्तूच्या जतनावर कार्यालयाचे संपूर्ण दप्तर अवलंबून राहते. ती चोराच्या हाती पडली तर गुप्तता संपते आणि हरवली तर मालकालाच स्वतःच्या दप्तरास मुकावे लागते. या दोन संकटांमधून मार्ग काढण्याच्या प्रयत्नांतून या पद्धतीचा इतिहास घडला आहे. वारंवार खंडित होणारा वीजपुरवठा, पूर आणि लोकलगाडीवर अवलंबून असलेला कर्मचारीवर्ग यांमुळे ठाणे व कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात तो प्रश्न विशेष ठळकपणे दिसतो.

पूर्वपीठिका : यंत्र एका जागी आणि ते चालविण्याची परवानगी दुसऱ्या जागी ठेवण्याची कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे. सरकारी कोषागारे व बँका यांच्या भक्कम खोल्यांना दोन कुलपे लावून एक किल्ली रोखपालाकडे व दुसरी अधिकाऱ्याकडे ठेवण्याचा प्रघात आहे. दोघे एकत्र आल्याखेरीज दार उघडत नाही. किल्ली हरवल्यास काम अडू नये म्हणून बँका जोडकिल्ल्यांचा संच मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवतात. ताबा विभागणे व प्रत अन्यत्र ठेवणे ही दोन्ही सूत्रे पुढे संगणकाच्या बाबतीतही उपयोगी ठरली.

दुसरे उदाहरण लोहमार्गांचे आहे. बोरीबंदर ते ठाणे हा सु. ३४ किमी. लांबीचा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी प्रवासी वाहतुकीस खुला झाला आणि १ मे १८५४ रोजी तो कल्याणपर्यंत पोहोचला. येथून एक फाटा कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जात असल्याने कल्याण हे महत्त्वाचे जंक्शन बनले. लोहमार्गांचा विस्तार होत गेला, तसा एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांचा प्रश्न सर्वत्र उद्‌भवला. इंग्लंडमध्ये नॉरिचजवळील थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ रोजी अशा दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी विद्युत् टॅब्लेट पद्धती तयार करून १८७८ मध्ये तिचे एकस्व घेतले. भारतात नील यांच्या नावाने ओळखले जाणारे टोकन-यंत्र अनेक मार्गांवर बसविण्यात आले. या पद्धतीत लगतच्या दोन स्थानकांवरील यंत्रे तारेने जोडलेली असतात आणि त्यांतून एका वेळी धातूचा एकच गोळा बाहेर काढता येतो. तो गोळा हाती आल्याशिवाय चालकाला गाडी पुढे नेता येत नाही. एंजिनात वाफ असली, मार्ग मोकळा दिसत असला, तरी परवानगी त्या गोळ्यातच असते.

संगणकाच्या आरंभ-किल्लीचे या गोळ्याशी साम्य आहे. मात्र एक मूलभूत भेदही आहे. टोकन एकमेव असते व ते एकमेव राहावे अशी यंत्राचीच रचना असते. पेन ड्राइव्हवरील किल्ली ही केवळ एक संचिका असते. तिच्या हव्या तितक्या प्रती काही क्षणांत निघतात आणि प्रत काढल्याची खूण मूळ संचिकेवर उरत नाही. साधन हाती असणे म्हणजे किल्ली केवळ आपल्याच हाती असणे, असे येथे म्हणता येत नाही.

गुप्तलेखनशास्त्रातही किल्ली वेगळी ठेवण्याचे तत्त्व एकोणिसाव्या शतकात स्पष्टपणे मांडले गेले. ओग्यूस्त केर्कहॉफ्स या डच भाषाशास्त्रज्ञांनी १८८३ मध्ये फ्रान्समधील एका लष्करी नियतकालिकात लेख लिहून कूटपद्धती शत्रूच्या हाती पडली, तरी गुप्ततेस बाध येऊ नये, असे प्रतिपादन केले. सर्व भिस्त किल्लीवर असावी आणि ती बदलता यावी, हा त्यांचा आग्रह होता. किल्ली लिहून न ठेवता स्मरणात ठेवता यावी, अशीही अट त्यांनी घातली होती. आधुनिक कूटपद्धतीत २५६ द्व्यंकांची किल्ली सर्रास वापरली जाते. इतकी मोठी यादृच्छिक संख्या पाठ करणे सामान्य माणसाला शक्य नसते. आणि पाठ करण्याजोगा पासवर्ड पुष्कळदा ओळखण्यास सोपा असतो. या अडचणीतून सुट्या साधनाचा उपाय पुढे आला.

कार्यपद्धती : सर्व्हरला वीज मिळाली की प्रथम त्याच्या मुख्य फलकावरील कायम स्मृतीतील प्रारंभिक आज्ञावली चालू होते. ती हार्ड डिस्कच्या कूटबद्ध नसलेल्या लहान भागातून पुढील आज्ञावली उचलते. ही दुसरी आज्ञावली जोडलेल्या पेन ड्राइव्हवर किल्लीची संचिका शोधते. संचिका मिळाल्यास डिस्कचा उरलेला भाग उलगडून संगणकाची मुख्य प्रणाली सुरू केली जाते. न मिळाल्यास काम तेथेच थांबते.

किल्ल्यांची रचना साधारणतः दुहेरी असते. डिस्कवरील सर्व मजकूर एका मुख्य किल्लीने कूटबद्ध केलेला असतो. ही मुख्य किल्ली डिस्कवरच, परंतु दुसऱ्या किल्लीने कूटबद्ध केलेल्या रूपात ठेवलेली असते. पेन ड्राइव्हवर असते ती ही दुसरी किल्ली. पेन ड्राइव्ह हरवल्यास संपूर्ण डिस्क नव्याने कूटबद्ध न करता केवळ दुसरी किल्ली बदलता येते, हा या रचनेचा फायदा होय. मात्र त्या पेन ड्राइव्हबरोबर डिस्कची जुनी प्रतही कोणाच्या हाती गेली असेल, तर अशा बदलाचा उपयोग होत नाही.

सर्व्हर सुरू झाल्यानंतर मुख्य किल्ली त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि पेन ड्राइव्ह काढून घेता येतो. तो पुन्हा लागतो तो सर्व्हर बंद पडून नव्याने सुरू होताना. यावरून या उपायाचे क्षेत्र ठरते. चोरीस गेलेली, दुरुस्तीसाठी बाहेर पाठविलेली किंवा भंगारात विकलेली डिस्क परक्याला वाचता येऊ नये, एवढेच संरक्षण तो देतो. चालू असलेल्या सर्व्हरमध्ये जाळ्यावाटे शिरकाव करणाऱ्याला तो रोखू शकत नाही. कारण त्या वेळी कुलूप उघडलेलेच असते. पेन ड्राइव्ह सोयीसाठी सर्व्हरलाच कायम जोडून ठेवला, तर किल्ली कुलपात अडकवून घराबाहेर पडल्यासारखे होते आणि चोराला दोन्ही वस्तू एकदमच मिळतात.

इतिहास : मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९७ मध्ये विंडोज एनटी ४ या प्रणालीच्या तिसऱ्या सुधार-संचात ‘सिस्की’ नावाची सोय दिली. तिने संपूर्ण डिस्क नव्हे, तर वापरकर्त्यांच्या पासवर्डांची नोंद असलेला भाग १२८ द्व्यंकांच्या किल्लीने कूटबद्ध होत असे. ही किल्ली संगणकातच ठेवणे, सुरुवातीला पासवर्ड मागणे किंवा किल्ली फ्लॉपीवर ठेवणे, असे तीन पर्याय होते. तिसऱ्या पर्यायात फ्लॉपी घातल्याशिवाय संगणक सुरू होत नसे. आरंभ-किल्ली सुट्या साधनावर ठेवण्याचे हे व्यापक प्रसार झालेल्या प्रणालीतील एक आरंभीचे उदाहरण होय. पुढे काही भामट्यांनी दूरध्वनीवरून तंत्रसाहाय्याची बतावणी करून लोकांच्या संगणकांवर याच सोयीने परका पासवर्ड बसविला व तो सांगण्यासाठी पैसे उकळले. संरक्षणाचे साधन खंडणीचे साधन बनले. तिची कूटपद्धतीही कालबाह्य झाली होती. २०१७ मध्ये विंडोज १० च्या एका आवृत्तीपासून ती काढून टाकण्यात आली.

फ्लॉपीची जागा घेणाऱ्या फ्लॅश स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी लावला. तिचा पहिला प्रकार १९८४ मध्ये व अधिक दाट साठवण देणारा दुसरा प्रकार १९८७ मध्ये जाहीर झाला. वीज नसतानाही अतिसूक्ष्म पेशींमध्ये विद्युत् भार टिकवून माहिती जपणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. १९९६ मध्ये यूएसबी जोडणीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. मूळचे बडोद्याचे अभियंते अजय भट्ट यांचा त्यात महत्त्वाचा वाटा होता. या दोहोंच्या संयोगातून पेन ड्राइव्ह निर्माण झाला. इझ्राएलमधील एम-सिस्टिम्स कंपनीने १९९९ मध्ये त्यासाठी एकस्वाचा अर्ज केला, तर २००० मध्ये सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने आपले साधन बाजारात आणले. त्याच वर्षी आयबीएमच्या नावाने विकल्या गेलेल्या साधनाची धारणक्षमता ८ मेगाबाइट होती. २५६ द्व्यंकांची किल्ली केवळ ३२ बाइट जागा घेते; म्हणजे त्या पहिल्या साधनावरही अशा सु. अडीच लाख किल्ल्या मावल्या असत्या.

संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याची पद्धती याच सुमारास सुलभ झाली. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ मध्ये एईएस ही कूटपद्धती प्रमाण म्हणून स्वीकारली. लिनक्स प्रणालीसाठी क्लेमेन्स फ्रूविर्त यांनी २००४ मध्ये ‘लक्स’ हा आराखडा तयार केला. त्याच्या पहिल्या रूपात एकाच डिस्कसाठी आठ वेगवेगळ्या किल्ल्या नोंदविता येत. त्यामुळे एक किल्ली पेन ड्राइव्हवर, तर दुसरी पासवर्डाच्या रूपात तिजोरीत ठेवणे शक्य झाले. विंडोजमध्ये २००७ च्या सुमारास व्हिस्टा या आवृत्तीबरोबर ‘बिटलॉकर’ आले. त्यात पेन ड्राइव्हवरील आरंभ-किल्लीची सोय होती आणि अडचणीच्या प्रसंगी वापरण्यासाठी ४८ अंकांची पुनःप्राप्ती-संख्याही मिळत असे.

२००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतींचे एक वर्म दाखवून दिले. वीज बंद केल्यावरही तात्पुरत्या स्मृतीतील मजकूर काही सेकंद ते काही मिनिटे टिकतो आणि स्मृतीचे भाग थंड केल्यास अधिक काळ टिकतो. तेवढ्या अवधीत त्यातून किल्ली वाचून काढता येते, असे त्यांनी सिद्ध केले. सर्व्हर ज्या खोलीत असतो तिचे दार हेही संरक्षणाचा भाग आहे, ही जाणीव यामुळे दृढ झाली.

ठाणे व कल्याण-डोंबिवली : ठाणे येथील वागळे औद्योगिक वसाहत व डोंबिवलीतील औद्योगिक क्षेत्र ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या आरंभीच्या, १९६० नंतरच्या दशकातील वसाहतींपैकी होत. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. दुसरीच पुढे कल्याण-डोंबिवली महानगरपालिका या नावाने ओळखली जाऊ लागली. या महानगरपालिकेने २००० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू नोंदी यांसारखी नागरी कामे संगणकावर आणली. हा प्रयोग यशस्वी ठरल्याने राज्यातील इतर नागरी संस्थांसाठी तो नमुना मानला गेला. ठाणे जिल्ह्यातील ऐरोली, रबाळे, महापे या भागांत पुढे मोठी माहिती-केंद्रे उभी राहिली. त्याखेरीज सनदी लेखापाल, रुग्णालये, पतसंस्था, शाळा, लहान कारखाने अशा असंख्य ठिकाणी एक-दोन सर्व्हरांवर सर्व व्यवहार चालू लागला.

मोठ्या माहिती-केंद्रात दिवसरात्र माणसे व जनित्रे असतात. लहान कार्यालयात यांपैकी काहीच नसते. २००५ पासून पुढे काही वर्षे महावितरणच्या क्षेत्रात भारनियमन होते. मुंबई शहरात त्याची झळ नव्हती. परंतु ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील ग्राहकांना ठरलेले तास विजेविना काढावे लागत. यूपीएसची साठवण संपली की सर्व्हर बंद पडे. साधा सर्व्हर वीज आल्यावर आपोआप सुरू होतो. किल्ली मागणारा सर्व्हर मात्र माणसाची वाट पाहत थांबतो. येथे गुप्तता व सोय यांचा थेट संघर्ष होतो. पेन ड्राइव्ह सर्व्हरलाच जोडून ठेवण्याचा मोह अशा ठिकाणी स्वाभाविक असतो आणि तोच सर्वांत घातक असतो.

दुसरे संकट पाण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. त्या अतिवृष्टीत उल्हास नदीच्या पुराने कल्याण परिसरातील सखल भाग जलमय झाले व लोकलगाड्या बंद पडल्या. तळमजल्यावरील कार्यालयात यंत्रे व कागद एकत्र भिजतात. सर्व्हर आणि त्याच्या किल्लीची एकमेव प्रत एकाच कपाटात असतील, तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. मजकुराची कूटबद्ध प्रत अन्यत्र सुरक्षित असली, तरी किल्लीवाचून ती निरुपयोगी ठरते.

१२ ऑक्टोबर २०२० ची घटनाही बोधप्रद आहे. कळवा-पडघे या ४०० किलोव्होल्ट यंत्रणेच्या एका मंडलाची देखभाल चालू असताना दुसऱ्या मंडलात बिघाड झाला. सकाळी १० च्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबईच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला आणि लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. करोना साथीमुळे तेव्हा लोकलप्रवास अत्यावश्यक सेवांपुरता मर्यादित होता व पुष्कळ कर्मचारी घरूनच काम करीत होते. अशा दिवशी किल्ली बाळगणारा एकच माणूस डोंबिवलीत आणि सर्व्हर ठाण्यात असेल, तर मधले काही स्थानकांचे अंतरही दुर्लंघ्य ठरते. वीज परत येणे व सर्व्हर परत सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा प्रसंगी कळून येते.

जतनाचे नियम : या अनुभवांवरून काही साधे नियम रूढ झाले आहेत. किल्लीच्या निदान दोन प्रती असाव्यात आणि त्या दोन वेगळ्या इमारतींत, शक्यतो एक उंचावरील व पाण्यापासून सुरक्षित जागी ठेवाव्यात. एक प्रत मोहोरबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे हा जुन्या जोडकिल्लीचाच नवा अवतार होय. पेन ड्राइव्ह कोणी, केव्हा घेतला व परत केला, याची नोंदवही असावी. फ्लॅश पेशींतील विद्युत् भार वर्षानुवर्षे हळूहळू ओसरतो आणि कोकणातील दमट हवेत धातूची जोडणी गंजते. म्हणून पुनःप्राप्ती-संख्या कागदावर छापूनही ठेवावी आणि प्रत्येक प्रत ठराविक मुदतीने प्रत्यक्ष लावून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. जाणकार कर्मचारी नोकरी सोडून गेल्यास किल्ली बदलावी. कारण त्याने साधन परत केले, तरी त्याच्याकडे प्रत उरली नाही असे खात्रीने सांगता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीसाठी अधिकारी व लेखापाल वापरतात ते यूएसबी टोकन दिसण्यास पेन ड्राइव्हसारखेच असले, तरी त्याचे कार्य भिन्न आहे. त्यातील चकतीवजा संगणक स्वतःच गणित करतो व गुप्त किल्ली बाहेर देत नाही. त्यामुळे तिची प्रत निघत नाही. या अर्थाने ते लोहमार्गावरील गोळ्याच्या अधिक जवळ जाते.

पर्याय व मर्यादा : आदी शमीर यांनी १९७९ मध्ये एक किल्ली अनेक भागांत वाटण्याची गणिती रीत दिली, त्याच वर्षी जॉर्ज ब्लेकली यांनीही स्वतंत्रपणे अशी रीत मांडली. उदा., पाच विश्वस्तांना पाच भाग देऊन त्यांपैकी कोणतेही तीन एकत्र आल्यास किल्ली तयार होते, तर दोन भागांवरून काहीच कळत नाही. तिजोरीच्या दोन कुलपांपेक्षा ही रीत लवचिक आहे. एखादा भाग हरवला, तरी काम अडत नाही. संगणकाच्या मुख्य फलकावर बसविलेली टीपीएम ही सुरक्षा-चिप किल्ली स्वतःजवळ ठेवते आणि प्रारंभिक आज्ञावलीत फेरफार झालेला नसेल तरच ती देते. त्यामुळे वीज आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू होतो. पण सर्व्हरच उचलून नेल्यास चिपही त्याच्याबरोबर जाते. यावर उपाय म्हणून जाळ्यावरील दुसऱ्या संगणकाकडून किल्ली मिळविण्याची सोय विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये देण्यात आली व पुढे लिनक्समध्येही तशा पद्धती आल्या. कार्यालयाच्या जाळ्याबाहेर नेलेला सर्व्हर मग उघडत नाही. मात्र जेथे एकच सर्व्हर आहे, तेथे ही सोय फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून लहान कार्यालयांत पेन ड्राइव्हचे स्थान टिकून राहिले आहे.

कायद्यानेही या जबाबदारीची दखल घेतली आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या जपणुकीत हयगय झाल्यास भरपाई देण्याची तरतूद अंतर्भूत झाली. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या अधिनियमात वाजवी सुरक्षा-उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डिस्क कूटबद्ध करणे हा अशा उपायांचा एक भाग होय. परंतु जन्मनोंद, रुग्णाचा कागद किंवा ठेवीदाराचे खाते ज्याचे आहे, त्याच्या दृष्टीने ते परक्याने वाचणे व ते कायमचे न वाचता येणे ही दोन्ही नुकसाने सारखीच खरी असतात. म्हणून आरंभ-किल्लीची व्यवस्था ठरविताना ती कोणाच्या हाती पडू नये याबरोबरच, ती सांभाळणारा माणूस नसताना ती कोणाच्या हाती पडावी, हेही आधीच ठरविलेले असणे आवश्यक असते.